दोन तासांच्या झोपेची थाप

ठमाबाई,

उठलीस की आधी झाकून ठेवलेलं जेव, मग हे वाच. वॉर्डात चक्कर येऊन पडलीस म्हणून मैत्रिणीने तुला घरी आणलं. ती म्हणाली, "आजोबा, ही दोनच तास झोपते. डॉक्टर होताना तुम्हीही तेवढंच झोपायचात म्हणे." माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पोरी, ती थाप होती. झोप येऊ नये म्हणून गार पाण्याच्या बादलीत पाय बुडवून वाचायचो, तेही खोटं. आमची बादली गळकी होती. जागरणं केली ती पहिल्या वर्षी, आणि शरीररचनेत नापास झालो. पुढच्या खेपेला आम्ही तिघे मित्र एकमेकांना मोठ्याने प्रश्न विचारायचो आणि दहाला दिवे मालवायचो. तसे पास झालो.

तुझ्या दप्तरातल्या जागं राहायच्या गोळ्या घेऊन तुमच्या कॉलेजातल्या मॅडमकडे चाललोय. रागाव खुशाल. मैत्रीण बाहेरच्या खोलीत आहे, मी येईपर्यंत ती हलणार नाही.

तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून नापासाची गुणपत्रिका उशाशी ठेवली आहे. तुझ्या आजीलासुद्धा ती कधी दाखवली नव्हती.

आजोबा