हातभर गजरा

मैलापूर, मंगळवार संध्याकाळ

आज सकाळी देवळाबाहेर फुलवालीच्या जागी तिची दहा वर्षांची मुलगी सेल्वी बसली होती. आईला म्हणे नुंगंबाक्कमला घरकाम मिळालंय. इथे गजरा हातानं मोजतात, कोपरापासून बोटांपर्यंत. सेल्वीनं मोजला आणि मी फटकन बोलले, "एवढासाच?"

"अक्का, माझा हात एवढाच आहे."

वर तिनं आणखी चार बोटं गजरा दिला. ऐन शाळेची वेळ, आणि मी भांडतेय कशावरून, तर लांबीवरून!

सासूबाई म्हणतात, उद्यापासून दुसरीकडून घे. त्यानं सेल्वी शाळेत जाईल? गजरा फ्रिजमध्येच आहे, माळवत नाही. एवढासा हात.

उद्या तिच्या आईला गाठतेच. पण तिनं विचारलं, "मग इथं कोण बसेल? तुम्ही?" तर?