ताईंचा धागा

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. मॅडमनी स्वतः प्रयोगशाळा दाखवली, चहा पाजला, वर म्हणाल्या, अडलं की बिनधास्त विचार. काम नाजूक. एका चिपवर सोन्याची दोन टोकं, मधली फट केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक. त्या फटीत डीएनएचा एकच धागा टांगायचा. धाग्याच्या दोन्ही टोकांना गंधक लावलेलं असतं, ते सोन्याला घट्ट धरून ठेवतं. मग त्यातून वीज सोडून मोजायची. आईला फोनवर म्हटलं, तुझी लेक सोनारीण झाली. आई पोट धरधरून हसली.

६ तारीख, गुरुवार
डीएनए मॅडमच्या थोरल्या बहिणीचा आहे. गेल्या वर्षी आजारपणात त्या गेल्या. मागे एकच कुपी उरली होती. ती आज माझ्या हातून फुटली. मॅडम बाहेर गेल्या होत्या. मी फरशी पुसली. गालाच्या आतून फाया फिरवला, माझाच डीएनए तयार केला, नव्या कुपीत भरला आणि वर ताईंच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. मॅडम आल्या तेव्हा सांगता आलं असतं. मी ती कुपी त्यांच्या हातात ठेवली.

१० तारीख, सोमवार
धागा पहिल्याच प्रयत्नात बसला. मॅडम चिपजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "ताई." धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. पडद्यावर करंट एका लयीत वरखाली होत होता. असं कधीच पाहिलं नाही, म्हणाल्या. मी टेबलाखाली मनगटावर बोट ठेवलं. माझ्या नाडीचीच लय.

१२ तारीख, बुधवार
व्होल्टेज वाढवलं की माझ्या दाढा झिणझिणतात. दुपारी मॅडमनी यंत्र बंद केलं आणि मी जिन्यात कोसळले. झाडणाऱ्या मावशी सांगत होत्या, श्वासच नव्हता. आत यंत्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा कुठे —

१३ तारीख, गुरुवार
सगळं सांगायला गेले. मॅडमनी मलाच जवळ घेतलं. तुझ्यामुळे ताई भेटली, म्हणाल्या. मी — मी नुसती मान हलवली. थू माझ्यावर.

१४ तारीख, शुक्रवार
शेवटची चाचणी. चिप मधोमध वाकवत न्यायची. टोकं दूर सरकत जातात, धागा तुटेपर्यंत. मॅडम काचेपलीकडे. डोळे पुसताहेत. एक हाक मारली तर थांबतील. पण काय म्हणू — ही ताई नव्हे, मी आहे — ?
छाती ताणली जातेय. दोन्हीकडून —
त्यांनी वर पाहिलं. हसल्या माझ्याकडे बघून. किती विश्वासाने —
नाही सांगवत. मीही हस