दोन मिनिटांची रेघ

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार
आज बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात रुजू झालो. जतच्या साखर कारखान्यात हजेरीचे तक्ते मांडता मांडता पन्नाशी जवळ आली आणि आता बंगळूर. भाचा शार्दूल इथेच देखभाल विभागात आहे. त्यानेच माझ्यासाठी शब्द टाकला. राहतोही त्याच्याकडेच. बहीण गेल्यावर याला मीच वाढवलं, आता हा मला डबा भरून देतो. जप शांतपणे झाला. मन प्रसन्न आहे.

१९ सप्टेंबर
काम देखणं आहे. प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डात चिप असते. दोन माणसं दोन मिनिटं जवळ उभी राहिली की नोंद होते. संगणकावर त्याचा नकाशा बनतो, तो मी सांभाळतो: माणूस म्हणजे ठिपका, नोंद म्हणजे रेघ. रेघा जितक्या जास्त, तितका ठिपका मोठा. दर सोमवारी नकाशा कोरा होतो आणि आठवडाभर पुन्हा भरत जातो. एक मोठी रांगोळीच, माणसांनी नकळत आपल्या पायांनी काढलेली. व्यवस्थापक रघुनंदन सरांना एवढंच हवं आहे की, कोणता ठिपका काढला तर नकाशाचे दोन तुकडे होतील. उत्तर लगेच सापडलं. चहाच्या काउंटरवरच्या धनलक्ष्मी अक्का. सगळा कारखाना आपलं दुःख त्यांच्यापाशी सांगतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार
दत्ताचा वार म्हणून गूळ-खोबऱ्याचा प्रसाद नेला. इतरांनी चालता चालता घेतला. मागच्या गेटवरचे पहारेकरी दयानंद मात्र प्रसाद हातात धरून बराच वेळ माझ्याजवळ उभे राहिले. त्यांना कुणी नाही, असं समजलं.

१ ऑक्टोबर, बुधवार
आयुधपूजा. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. पण फरशी निसरडी होते म्हणून यंदा कोहळा फोडायला बंदी. मला चुकल्यासारखं वाटलं. कोहळ्याचा बळी माणसाच्या जागी असतो, असं आमच्या गावचे गुरव सांगत. माझं हत्यार म्हणजे नकाशा. तो छापून भिंतीला लावला, हात जोडले आणि आदराने सर्वांत मोठ्या ठिपक्याला कुंकू लावलं. अक्का चहा घेऊन आल्या होत्या. नकाशावरचं आपलं नाव वाचून हसल्या.
“काय अण्णा, कोहळा मिळाला नाही म्हणून मला फोडता काय?”
मीही हसलो.

४ ऑक्टोबर
अक्का गेल्या. होसूर रोडवर, टँकरखाली. शार्दूल तिथेच होता. आयुधपूजेनंतर चौकात फुटलेला कोहळा दिसतो तसं दिसत होतं, म्हणाला.

६ ऑक्टोबर, सोमवार
रघुनंदन सर खूश आहेत. अक्कांचा ठिपका काढल्यावर नकाशाचे बरोबर दोन तुकडे झाले, माझा हिशेब अचूक निघाला, म्हणाले. मिठाईचा डबा दिला. मी तो उघडला नाही.
भिंतीवरच्या जुन्या नकाशावर नव्या आठवड्याचा कागद चिकटवला. दुपारी पाहिलं तर कुंकू नव्या कागदावर उमटलेलं. शार्दूलच्या ठिपक्यावर. मागच्या आठवड्यात अक्कांपाशी सर्वांत जास्त वेळ तोच उभा होता. कुंकू रेघेवरून चालत आलं आहे.

७ ऑक्टोबर
पुसलं. सकाळी पुन्हा होतं. अधिक ओलं.

८ ऑक्टोबर
वाईट केलं. लिहून ठेवतो, म्हणजे देवापुढे नाकारता येणार नाही. शार्दूलचं कुंकू बोटावर घेऊन दयानंदांच्या ठिपक्याला लावलं. सगळ्यांत लहान ठिपका. कुणाचंच काही तुटणार नाही, असा विचार केला. शार्दूलचा ठिपका स्वच्छ झाला. मी रडलो, आणि मला बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दयानंदांनी आज दोन्ही हात पुढे केले. मी प्रसाद दिला. त्यांनी तो डोळ्यांना लावून खाल्ला. मी त्यांच्याजवळ उभा राहिलो. एवढं तरी करावं, असं वाटलं.

११ ऑक्टोबर
दयानंद मालाच्या लिफ्टखाली सापडून गेले. घरचं कुणी आलं नाही. सह्या मी केल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार
नवा कागद लावला. कुंकू माझ्या ठिपक्यावर.
गेल्या आठवड्यात दयानंदांची एकच रेघ होती. गुरुवारची. माझ्याकडे येणारी.
भीती माझ्यासाठी नाही. मी गेलो की कुंकू माझ्या रेघेवरून पुढे जाईल. पण आज नकाशा कोरा आहे. कुणाजवळ दोन मिनिटं थांबलो नाही, तर त्याला पुढे जायला वाट राहणार नाही. शार्दूल पहाटेच कामावर गेला होता, देवाची कृपा. कामासाठी जवळच्या आनेकलला मुक्काम करतो, असं त्याला कळवलं. खोटं सांगितलं. देवळाच्या ओवरीत पडून राहीन.

१४ ऑक्टोबर
कार्ड ओवरीतच टाकून आलो. तरी माझा ठिपका इथेच, कारखान्यातल्या माझ्या खोलीत दिसतो. रेघ एकही नाही. इतकं एकटं असणं — पण ठीक आहे. माझ्यापाशीच संपेल.

१५ ऑक्टोबर
वरचे दिवे करकरताहेत. छत — भेग — कुंकवाच्या टिळ्याएवढी रुंद. पळालो तर वाटेत माणसं. इथेच बसतो. कडी लावली आहे. नामस्मरण —

शार्दूल दाराशी आला आहे. मला शोधत होता. आत येऊ नको म्हणालो, जा म्हणालो. रागावलो, शिवीही दिली. आयुष्यात पहिल्यांदा.
तो दाराला टेकून उभा आहे. रडतो आहे. “मामा, माझं काय चुकलं, ते सांगितल्याशिवाय मी हलणार नाही.”
पडद्यावर त्याचा ठिपका माझ्या ठिपक्याला लागून. मध्ये फक्त दार. एक मिनिट झालं.
जा बाळा —
छतातून माती — हलत नाही तो — देवा, रेघ उमटायला लाग