तू कनात धरलीस ती संध्याकाळ

अक्का, गल्लीतले सगळे तुला अक्का म्हणायचे, म्हणून मीही तेच शिकले. आई अशी हाक तुला कधी मारल्याचं आठवत नाही. साठच्या आसपासचं साल असेल. मी दहा-अकरा वर्षांची. शिवाजीनगरच्या आपल्या गल्लीतल्या बायका तंबू टॉकीजमध्ये देवाचा सिनेमा बघायला निघाल्या आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुलाही जा म्हटलं. बायकांची बाजू वेगळी होती. वाळूवर चटया टाकून आपण बसलो होतो.

निम्मा खेळ झालेला. मशीनच्या खोलीकडून धूर येतो, पडदा काळा पडतो, कुणीतरी आग म्हणून ओरडतं आणि सगळा तंबू एकाच दाराकडे लोटतो. आपल्या भागाचे पुढारी, ज्यांना प्रत्येक समारंभात हार पडायचा, ते बाकावर चढून शांत राहा म्हणून सांगत होते. बिचारे मनापासून सांगत होते, पण त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? तू दाराकडे गेलीच नाहीस. मला ओढत मागच्या कनातीपाशी नेलंस, खुंटीची दोरी सोडलीस, वाकून ते जड कापड पाठीवर उचललंस आणि मला बाहेर ढकललंस. मग जवळच्या एका बाईच्या खांद्याला हात लावून कानडीत म्हणालीस, "बग्गी, स्वल्प बग्गी." वाका, जरा वाका. ती गेली, तिच्यामागून दुसरी, मग पोरं, म्हाताऱ्या, नंतर दाराकडची माणसंही इकडे वळली. तुझा आवाज एकदाही चढला नाही. मी बाहेरून नुसते तुझे पाय बघत होते. धूर त्यांच्याभोवती फिरत होता आणि ते हलत नव्हते. शेवटी पुढारीही वाकून तुझ्या हाताखालून आले, आणि मग तू. दारातल्या रेटारेटीत एका मुलीचा हात मोडला; जीव कुणाचाच गेला नाही.

घरी आल्यावर दादांनी विचारलं, पोरीबरोबर तूही का निघाली नाहीस? तू चूल पेटवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मी सोडली असती तर कनात खाली आली असती."

पुढे मी शाळेची मुख्याध्यापिका झाले. पुढारी म्हणजे जो पुढे असतो, हे मीही मुलींना कितीदा शिकवलं असेल. मग शिकवता शिकवता ती संध्याकाळ आठवायची आणि वाक्य अर्ध्यावर थांबायचं. तू तर सगळ्यांच्या मागे होतीस. गल्लीत नंतर नळाचं भांडण असो की कुणाचं बाळंतपण, बायका तुझ्याकडे यायच्या. तू म्हणायचीस, मला काय कळतंय, चला बघूया. आणि पदर खोचून त्यांच्याबरोबर निघायचीस.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहू दे इथेच. एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. बाहेर येऊन तू माझा हात धरलास, तेव्हा मला आगीची नाही, तुझी भीती वाटली होती. इतकी मोठी बाई आपल्या घरात राहते, हे मला ठाऊकच नव्हतं. ती भीती अजून पुरती गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असंच वाटतं.