शनिवारची कळण्याची भाकरी

श्री

धुळे,
२२ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. अक्कास,
अभिमनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुकदेवमामांकडे सुखरूप आहे. सुखरूप म्हणजे जिवंत. मामी सुरतेला लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, म्हणून मामा आणि मी खानावळीत जेवतो. तिथल्या भाजीवर बोटभर तेल तरंगतं आणि खाली काय आहे ते जिभेलाही कळत नाही. माझं पोट पार बिघडलं. डॉक्टरांनी घरचं साधं खा म्हणून सांगितलं. मी विचारलं की कोणाच्या घरचं, तर ते चिडले. मग मीही चिडलो.

कॉलेजचं विचारू नकोस. प्रयोगशाळेतली ती नळी माझ्या हातून फुटलेली नव्हती, हे मी सरांना सांगून सांगून थकलो. शेवटी ॲप्रन टेबलावर टाकला आणि जळगाव स्टँडवर येऊन मिळेल ती गाडी धरली. दुसरं वर्ष अर्धं राहिलं ते राहिलं. आबा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या वाटचं मामा बोलतात, तेही सगळ्या गल्लीशी. आपल्या पिठाच्या चक्कीवर दळण घेऊन येईल त्या बाईला ते सांगतात, पोऱ्याले साडेसाती लागेल शे. मला म्हणतात, शनिवारी काळे उडीद आणि तेल दान कर, सुटशील. मी म्हणालो, माझी आणि शनीची ओळख नाही.

आता मुद्दा. चक्कीसमोर एसटीतले कंडक्टर पंडितकाका राहतात. परवा त्यांच्याकडे बिबडे होते. पापड थापायच्या आधी ज्वारीचा तो घाटा शिजतो ना, त्यातला गरम गरम वाडगाभर घाटा त्यांची मुलगी कोकिळा मला देऊन गेली. वर तेलाची धार आणि तीळ. मी तो खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी पोट गप्प बसलं. मग कळलं की तिने नूर महंमद टेलरच्या घरी अमिनाबींनाही वाडगा दिला आणि वरच्या मजल्यावरच्या वनाकाकांनाही. म्हणजे माझ्या वाडग्याला काही अर्थ नाही. पण माझ्यावर तीळ जास्त होते. मी अमिनाबींना मुद्दाम विचारलं, त्यांच्यावर एवढे नव्हते. तुला काय वाटतं?

वाडगा घासून परत द्यायला निघालो तर मामांनी दारात अडवलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नसतात, एवढंही शिकवलं नाही का कॉलेजात, म्हणून ऐकवलं. म्हणून वाडगा अजून माझ्याकडेच आहे. त्यात काय घालून देऊ? विकतचं नको. मला हाताने करता येईल असं काहीतरी सांग, अगदी पहिल्यापासून सांग, कारण मला काहीच येत नाही.

दाजींना नमस्कार. लोभ होताच, आता थोडी कीवही असावी.

तुझा,
अभिमन

---

श्री

फैजपूर,
२७ फेब्रुवारी १९८८

चि. अभिमन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोटाबद्दल चार ओळी आणि तिळाबद्दल पाऊण पान. दाजींना वाचून दाखवलं, तर म्हणाले की आजार पोटाचा दिसत नाही. मी त्यांना गप्प केलं, पण मलाही तसंच वाटतं.

कळण्याची भाकरी कर. चार वाट्या ज्वारीला वाटीभर अख्खे काळे उडीद घे, आणि खडेमीठ दळतानाच घाल. चक्की घरचीच आहे, पीठ किंचित जाडसर काढ. ऊन पाण्यात मळ. मळ म्हणजे कालवू नकोस, तळहाताच्या टाचेने रगड. कडा फाटल्या तर समज की रगडायला कंटाळलास. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरव, आणि ते पाणी सुकायच्या आत उलट. पहिल्या दोन-चार भाकऱ्या तूच खा, लोकांना देऊ नकोस.

द्यायच्या भाकऱ्या गरम असतानाच वाडग्यात दुमडून ठेव. वर लसणाची लाल चटणी, बाजूला कांदा. आणि वरून तेल विसरू नकोस. तेलाशिवाय कळण्याला चव नाही. आई हाताने खळगा करून त्यात तेल सोडायची, तुला आठवत असेल.

आबा परवा येऊन गेले. तुझं नाव घेतलं नाही. फक्त जाताना चपला घालत मला विचारलं की धुळ्याला ज्वारी कशी मिळते. यातून काय घ्यायचं ते तू घे.

राग आवर. चिडलेल्या हाताची भाकरी फुगत नाही.

तब्येत आणि तोंड, दोन्ही सांभाळून रहा. माया आहे तशीच आहे.

तुझी,
अक्का

---

श्री

धुळे,
१५ मार्च १९८८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

मी बुडालो, आणि तुझ्या भाकरीने बुडालो.

पहिले काही दिवस नुसते तुकडे होत होते. मामा म्हणाले, नकाशे काढतोस का, हा तर सातपुडा झाला. आठवडाभर आम्ही दोघांनी सातपुडा खाल्ला. पण माझं पोट बरं झालं आणि मामांनी खानावळ बंद केली. मग एक दिवस भाकरी फुगली, अक्का. मी तव्यासमोर एकटाच उभा होतो, दाखवायला कोणी नव्हतं. मला कोणाची आठवण झाली ते लिहीत नाही.

शनिवारी आमच्याकडे वीज नसते, चक्की बंद असते. म्हणजे हात मोकळे. चांगल्या दोन भाकऱ्या केल्या, वाडग्यात दुमडल्या, चटणी, कांदा, आणि तू सांगितलंस म्हणून तेल जरा सढळच सोडलं. पंडितकाकांच्या दारात गेलो. वाटलं होतं कोकिळा येईल. आल्या तिच्या आई, भिकुबाई. त्यांनी झाकण काढलं, भाकरीतले काळे ठिपके पाहिले, तेल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं की आज वार कोणता. मी शहाण्यासारखं उत्तर दिलं की शनिवार.

अक्का, मला खरंच काही कळलं नाही. त्यांनी गल्ली गोळा केल्यावर कळलं. मामांनीच घरोघर सांगून ठेवलेलं ना, साडेसाती, काळे उडीद, तेल, शनिवार. भिकुबाई म्हणाल्या, माझ्या घरात लग्नाची पोर आहे, गुरुवारीच यावलचे लोक तिला पाहून गेले, आणि या मेल्याने आपली पीडा नेमकी माझ्या उंबऱ्यात आणून ओतली. यावलच्या लोकांचं मला तिथेच, तेव्हाच कळलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, साडेसाती देऊन टाकता येत असती तर आधी आमच्या सरांना दिली असती. त्या म्हणाल्या, कॉलेज अर्ध्यात टाकणाऱ्याचं देणंही अर्धवटच असणार. मी काय म्हणालो ते तुला लिहीत नाही. वनाकाकांनी मला धरून चक्कीत आणलं.

कोकिळा मागे उभी होती. तिने भाकऱ्या उचलल्या, गाईला घालते म्हणाली आणि परसात गेली. नंतर भिकुबाईंनी तो वाडगा चक्कीच्या ओट्यावर पालथा आणून ठेवला. शनीचं भांडं घरात नको, म्हणे.

आणि काल यावलहून नकाराचं कार्ड आलं.

आता मला काय वाटायला हवं ते सांग. कार्डाचं ऐकून मला आनंद झाला. मग आनंद झाला म्हणून लाज वाटली. मग वाटलं, माझ्या भाकरीत खरंच काही होतं का? मी असलं मानत नाही, पण मग कार्ड काल कसं आलं? त्यांची गाय मी दोनदा जाऊन पाहिली. गाय ठीक दिसते. तिला साडेसाती लागली असती तर कशी दिसली असती, हेही मला माहीत नाही. कोकिळा माझ्याकडे बघत नाही. म्हणजे ती रडली असेल. यावल तिला आवडलं होतं का?

मामा म्हणतात धुळं सोड. तू म्हणशील तसं. माझ्यावरचा लोभ एवढ्यात उलटा करून ओट्यावर ठेवू नकोस.

तुझा,
अभिमन

---

श्री

फैजपूर,
१९ मार्च १९८८

चि. अभिमन यास,
अ. आ.

आधी मी हसले. मग माझी मीच जीभ चावली. तेल विसरू नकोस हे लिहिलं आणि शनिवार विसरले. आई शनिवारी उडदाचं काही उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. घरातल्या घरात तू दर शनिवारी चापून खायचास, म्हणून तुला त्यातलं काही दिसलं नाही. यात निम्मा दोष माझा आहे. उरलेला तुझ्या तोंडाचा.

धुळं सोडू नकोस. तेवढं एक अर्ध्यात टाकलंस तर भिकुबाईंचं बोलणं खरं होईल.

क्षमा मागायलाही जाऊ नकोस. तू तोंड उघडलंस की भांडण होतं. तू बिबडे कर. गच्चीवर, सगळ्यांना दिसतील असे. ज्वारी सडून कोंडा काढ, तीन दिवस भिजत घाल, रोज पाणी बदल. आंबूस वास येईल, घाबरू नकोस. मग उपसून, जरा सुकवून भरड दळ. ते पीठ रात्रभर पाण्यात ठेव. पहाटे मोठ्या पातेल्यात आधण ठेव. मीठ, जिरं, तीळ, वाटलेला लसूण-मिरची, चिमूटभर पापडखार. पीठ सोडलंस की लाकडी चाटूने हाटत रहायचं. इथेच बाया ओळखू येतात. कोणी हाक मारो, कोणी शिवी देवो, हात भरून येवो, चाटू सोडायचा नाही. मधे सोडलास तर गुठळ्या होतात, आणि झालेली गुठळी कोणालाही मोडता येत नाही. चकचकीत होऊन पातेल्याची कड सोडू लागला की घाटा झाला. मग ओल्या रुमालावर पातळ थापायचा, रुमाल खाटेवरच्या धोतरावर उलटा टाकायचा आणि अलगद सोलून घ्यायचा.

थापणं तुला जमणार नाही. ते चालेल.

आणि गाईकडे बघणं बंद कर. गल्लीत काय म्हणत असतील.

काळजी आहे, ती मी करते. तू घाटा कर.

तुझी,
अक्का

---

श्री

धुळे,
४ एप्रिल १९८८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

बिबडे झाले. या पत्राबरोबर यावलच्या गाडीने डबा पाठवतोय. पंडितकाकांनीच कंडक्टरला सांगून ठेवलंय, हे आधी वाच, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मला स्वतःला मात्र ते अजून सोपं झालेलं नाही.

ज्वारी भिजत असताना मामांनी वासाने घर सोडलं, नूर महंमदच्या दुकानात जाऊन बसले. अमिनाबींनी न मागता तीळ पाठवले, आणि वर निरोप, की यावेळी सगळ्यांना सारखे घाल. पहाटे गच्चीवर चूल मांडली. समोरच्या गच्चीवर भिकुबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तुळशीला एवढं पाणी लागत नाही, अक्का. त्या बघत होत्या.

पीठ सोडलं आणि हाटायला लागलो. खालून एक माणूस दळणासाठी ओरडू लागला. उत्तर मिळेना म्हणून त्याने माझा बापही काढला. मला खाली उतरून त्याची कॉलर धरायची होती, पाय निघालेही होते. पण चाटू हातात होता. खांदे पेटले, डोळ्यांत धूर गेला, मनगटावर घाट्याचा थेंब उडून फोड आला. चाटू सोडला नाही. घाट्याने कड सोडली तेव्हा ऊन जोत्यावर आलेलं होतं.

थापायला मात्र तू म्हणालीस तेच. माझा पहिला बिबडा म्हणजे गोधडी. दुसरा त्याहून जाड. तिसरा थापताना समोरून भिकुबाई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, ते वाळायला आखाजीचा सण उजाडेल. चौथ्याला त्यांना बघवेना. जिना चढून तरातरा आल्या, माझ्या मनगटावर ओल्या हाताचा फटका मारला, नेमका फोडावर, आणि रुमाल ओढून घेतला. साडेसातीचं एक अक्षर नाही. बोटं मिटून ठेव, पाणी घे, कडेकडेने जा, असं बोलत बोलत सगळी खाट भरून काढली. मी गोळे करून देत होतो. मधेच त्यांनी घाटा चाखला आणि मीठ कमी शे म्हणून नाक मुरडलं. मग परत चाखला. खाली निघताना, मी ओट्यावरून आणून गच्चीच्या कोनाड्यात ठेवलेला तो वाडगा त्यांनी स्वतःच उचलला, घाट्याने भरला, पदराखाली धरला आणि घेऊन गेल्या. मला विचारलंही नाही.

इथपर्यंत कळलं. पुढचं तू सांग.

काल कोकिळा दळण घेऊन आली. चक्की चालू होती, त्या आवाजात ती बोलली, म्हणजे दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही. म्हणाली, त्या दिवशी गाईला काही घातलंच नव्हतं. दोन्ही भाकऱ्या परसात उभ्याने तिनेच खाल्ल्या. तेल जास्त झालं होतं, म्हणे, आणि साडेसाती असलीच तर आता ती तिच्या पोटात आहे, परत मागायची नाही. मी विचारलं, मग यावलचं कसं मोडलं? तर म्हणाली, ते तर गुरुवारीच मोडलं होतं. पाहायला आलेल्या बायांनी मांडे येतात का विचारलं आणि तिने नाही म्हणून सांगितलं. अक्का, ती खोटं बोलली. दर सणाला खापरावर मांडे टाकायला गल्ली तिलाच बोलावते. हातावर असा मांडा फिरवते की आरपार दिसतं. येत असताना येत नाही कशाला सांगायचं? आणि साडेसाती खाल्ली म्हणणारी बाई हसते कशी? मी गोंधळून ज्वारीच्या पाळीत तिचे गहू ओतले. तर ती म्हणाली, असू दे, मिसळलं ते मिसळलं. पिठाचा डबा घेऊन गेली.

मला डोकं नाही असं समज आणि सरळ लिही. तिच्या मनात काय आहे?

वाट पाहतोय. तुझा लोभ आता सविस्तर हवा.

तुझा,
अभिमन

ता. क. आबांना बिबडे कोणी केले ते सांगू नकोस. आधी खाऊ देत.

---

(कार्ड)

फैजपूर,
९ एप्रिल १९८८

चि. अभिमन यास,
अ. आ.

डबा पोचला. आबा आले होते, निखाऱ्यावर एक बिबडा भाजून दिला. कोणी केला ते मी सांगितलं नाही, त्यांनीच ओळखलं. जाड आहे म्हणाले आणि दुसरा मागितला. मग विचारलं, याने घाटा मधे सोडला नाही का? मी म्हणाले, नाही. तर म्हणाले, मग जूनमध्ये जळगावचंही हाटून पुरं कर म्हणावं, आणि धुळ्याला कधी जायचं ते ठरव.

गुरुवारी आबा, दाजी आणि मी येतो. कोकिळेच्या मनात काय आहे ते कार्डावर लिहिता येत नाही, पोस्टमन वाचतो. मामांना सांग, वाराबद्दल गल्लीत काही बोलू नका. भिकुबाईंना एवढाच निरोप दे, की पाव्हणे मांडे खातील.

येतेच आहे, म्हणून लोभाचं प्रत्यक्ष.

अक्का