गोणपाटातल्या पिसवा

धरमतर,
१२ मार्च १९९५

प्रिय गंगी,

चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा फळीवर ठेवून दिला. सुरुवात कुठून करायची हेच समजत नाही. तुम्ही रोह्याकडे गेलात त्याला चार महिने होऊन गेले. तिकडची वाडी कशी आहे, पांडूला काम मिळतं का, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, तेही समजत नाही. तू आश्रमशाळेत दहावी झालीस, मी चौथीनंतर मिठागरावर गेले, तेव्हा चुका सांभाळून घे. इकडे मिठाच्या राशी पडायला लागल्या आहेत. बायजाबाईच्या शांतीचं वडखळच्या मुलाशी ठरलं. शांतीनं तुझी आठवण काढली, पण हळूच, शेजारणीला ऐकू जाणार नाही अशी.

दसऱ्याच्या आठवड्यातला तो दिवस तुला आठवत असेलच. भात पिकायला आलं होतं आणि उंदरांनी लोंब्या कुरतडायला सुरुवात केली होती, म्हणून मीच तुम्हा नवरा-बायकोला बोलावलं. पांडूनं बांधावरची बिळं खणून अकरा उंदीर काढले, दोरीला बांधले आणि अंगणात पाणी प्यायला उभा राहिला. तू आमच्या सासूबाईंच्या बिछान्याजवळ बसून त्यांचे पाय चेपत होतीस. त्या हसून म्हणाल्या, "माझा भात खाऊन लठ्ठ झालेत, नीट भाज गो, गंगे." तुला गुळाचा खडा दिला. एवढंच झालं होतं. ह्यापेक्षा जास्त काहीच झालं नव्हतं, हे मी सतरा वेळा मनात तपासून पाहिलंय.

आठ दिवसांनी त्यांना ताप भरला. डोकं इतकं दुखायचं की दाराच्या फटीतला उजेडही सहन होईना. पेणच्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून गोळ्या दिल्या. मग छातीवर, पोटावर लाल पुरळ उठलं, आणि अकराव्या दिवशी पुन्हा पेणला नेताना वडखळच्या नाक्यावर टेम्पोतच त्या गेल्या. सुरतेच्या प्लेगच्या बातम्या लोकांच्या डोक्यातून अजून गेल्या नव्हत्या. कुणी पुरळ पाहिलं, कुणी उंदरांची दोरी पाहिली होती, आणि दोन्हींची गाठ कुणी मारली ते कुणालाच सांगता येणार नाही.

तेराव्यानंतर देवळात माणसं बसली. तू तिथे नव्हतीस, म्हणून जसं झालं तसं सांगते. पंच म्हणून काळुरामतात्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "जने, कातकरी उंदीर घेऊन तुझ्या आंगनात उभा व्हता का नाय?" मी म्हटलं, "व्हय." "त्याची बायको म्हातारीला हात लावून बसली व्हती?" मी म्हटलं, "व्हय." दोन्ही खरं होतं ना? खोटं एक अक्षर मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बांधावर गेली आणि तुमची खोपटी मोडली. मी विहिरीवर होते. डोक्यावर बोचकं घेऊन तू तिथूनच गेलीस, थांबलीस, माझ्याकडे बघितलंस. मी हंडा उचलला आणि पाठ फिरवली. का फिरवली, ते मला आजही सांगता येत नाही.

जे बोलले नाही ते आता लिहिते. नवरात्र बसायच्या आधी आमच्या ह्यांनी जेटीवरून मालवाहू बार्जमधली रिकामी गोणपाटं आणली होती. जमिनीला ओल सुटते, आईला गारठा लागतो, म्हणून. एका गोणपाटात मेलेला उंदीर निघाला. आपल्या बांधावरच्या उंदरासारखा नव्हता. केवढा तरी मोठा, तपकिरी, जाड तोंडाचा. मी तो काठीनं खाडीत ढकलला, तेव्हा माझ्या पोटऱ्यांवर पिसवा उडाल्या. मी गोणपाटं झटकली, एक दिवस उन्हात टाकली आणि दोन एकत्र शिवून सासूबाईंच्या गोधडीखाली घातली. देवळात उभी होते तेव्हा मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं असं मी स्वतःला सांगते. मग तात्यांनी विचारलं तेव्हा मला ती गोणपाटंच का दिसली, गंगे? ठाऊक नसलेली गोष्ट माणूस लपवतो कशी?

फेब्रुवारीत आरोग्य खात्याचे गुणाजी नावाचे गृहस्थ आले. जेटीवरच्या दोन हमालांना तसाच ताप आला होता आणि त्यांचं रक्त मुंबईला तपासलं होतं. गुणाजींनी आठ दिवस पिंजरे लावले, काही जेटीवर, काही बांधावर. मेलेल्या उंदराला पांढऱ्या ताटात धरून फणीनं विंचरायचे. जेटीवरच्या एकेका उंदरातून नऊ-नऊ, दहा-दहा पिसवा पडायच्या. बांधावरच्या उंदरात एखादी, नाहीतर तीही नाही. ते म्हणाले, "हा मोठा उंदीर इथला नाही बाई. जहाजांतून बंदरात उतरला, बंदरातून बार्जमध्ये. पिसवा बरोबर घेऊन फिरतो. पिसू चावते, आपण खाजवतो, तिची घाण त्या जागी जाते आणि ताप येतो. टायफॉइड नाही, टायफस." मला दोन्ही शब्द सारखेच ऐकू आले. त्यांनी दोनदा सांगितलं. मग मी त्यांना माळ्यावरची उरलेली गोणपाटं दाखवली. ताटावर झटकली तर सात पिसवा पडल्या. मी विचारलं, "म्हणजे आमची सासू ह्यानंच गेली?" तर ते म्हणाले, "तेव्हा रक्त घेतलं नव्हतं. तसंच दिसतंय, पण खात्रीनं कोण सांगणार?"

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. खात्री नाही म्हणून गप्प बसावं, तर तुमच्या वेळी कुणाला खात्री होती? बोलावं, तर ह्यांना काय सांगू, की आईला ऊब मिळावी म्हणून तुम्ही जे आणलंत आणि मी जे शिवलं, त्यानंच ती गेली? तुझ्या माथ्यावरचं उतरवायचं तर ते त्यांच्या माथ्यावर ठेवावं लागतं. उंदराला तरी काय म्हणायचं, तो कुठून कुठे आला हे त्याला तरी कुठे माहीत? गुणाजींना घरी काही बोलू नका म्हणून मी हात जोडले आणि तीन आठवडे रोज ह्यांना भाकरी वाढली.

परवा वडखळच्या बाजारात तुझी नणंद पारी भेटली. तिनं सांगितलं की तिकडच्या बालवाडीत तुला मदतनीस घेतलं होतं, पण इथल्या कुणीतरी ताप आणणारी बाई म्हणून नाव पोचवलं आणि आया मुलं पाठवेनात, म्हणून तुला घरी बसवलं. आज सकाळी हे जाळं विणत होते, तेव्हा मी समोर बसून सगळं सांगितलं. मेलेला उंदीरसुद्धा. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे मीच आयेला मारली का गो?" मी म्हटलं, शिवलं तर मीच. मग त्यांनीच सांगितलं, "गंगीला लिव. गोनपाट कोनी आनला ता पन लिव, माझा नाव घालून." दुपारी ते काळुरामतात्यांकडे गेले आणि हेच त्यांच्या ओट्यावर चार माणसांत बोलले. तात्या काय म्हणाले ते मी विचारलं नाही. तू परत ये असं म्हणायचं माझं तोंड नाही. पण हे पत्र तुझ्यापाशी ठेवू नकोस. बालवाडीच्या बाईंना दे, आयांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवायला सांग, माझ्या दोन्ही 'व्हय'सकट. कुणी म्हणालं की हे तूच लिहिलंस, तर पुढच्या रविवारी आम्ही दोघं रोह्याला येऊ आणि त्यांच्यासमोर उभे राहू. खाली दोन सह्या आहेत. दुसरी वाकडी आहे, कारण ह्यांना नावाशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही.

तू म्हणू देशील तर अजून तुझीच,
जनी

जगन