मोजेपर्यंत हात खाली घेऊ नये

मी, खाली सही करणारी, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी आजच मला तपासले. "गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे," असे त्या म्हणाल्या. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही; केले होते असे कोणी म्हणालेच, तर ते रद्द समजावे.

१. माझे वारस तीन. थोरली लेक, जी लग्न होऊन दूरच्या शहरात असते. धाकटा, जो याच घरात राहतो. आणि माझी नणंद, जिला आम्ही सगळे आत्या म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा दार तिनेच उघडले होते. तिने लग्न केले नाही. लोकांचे कपडे शिवून घराला हातभार लावला आणि कधी आवाज चढवला नाही.

२. बँकेतील ठेव दोन्ही मुलांना सारखी वाटून द्यावी. शिलाई मशीन आत्याचेच आहे. ते माझ्या मालमत्तेत धरू नये.

३. यांचे, म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांचे, ब्रश, रंगाच्या वाट्या आणि अक्षर काढताना हात टेकवायची काठी थोरलीला द्यावी. हे पाट्या रंगवायचे. गावातल्या निम्म्या दुकानांची नावे यांच्या हातची होती. थोरलीचे अक्षर यांच्यावर गेले आहे. ब्रश वापरले नाहीत तरी चालेल, पण वर्षातून एकदा तेलात बुडवून पुसावेत, नाहीतर केस ताठ होतात.

४. "शांतता राखा" ही लाकडी पाटी धाकट्याला द्यावी. तिची हकीकत त्याने लहानपणी कंटाळा येईपर्यंत ऐकली आहे, तरी इथे लिहिते. मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले तिथेच पुढे शिकवू लागले. आम्हाला सिस्टरनी हळू चालायला, हळू हसायला आणि हळू बोलायला शिकवले होते. तिथल्या लांब व्हरांड्यात ही पाटी रंगवायला हे आले आणि शिडीवर चढून मोठ्याने गाऊ लागले. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी पाटीकडे बोट दाखवले. हे म्हणाले, "सिस्टर, अजून 'खा' राहिलाय. तो होईपर्यंत गाऊ द्या." सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि त्या दिवशी हळू हसले नाही. शाळेची इमारत पाडली तेव्हा मी ती पाटी मागून आणली. धाकट्या, ती तुला टोमणा म्हणून देत नाही. थोडासा आहे.

५. आता घर. हे आम्ही दोघांनी मिळून बांधले. मागच्या खिडकीतून पूर्वी मैदान दिसायचे. मुले खेळायची, बायका फेऱ्या मारायच्या, आत्या काजे करता करता त्यांच्याकडे बघत बसायची. आता तिथे गाड्यांचा तळ आणि दुकानांची पाठ दिसते. हे कसे झाले ते मुलांना माहीत आहे, पण मृत्युपत्र वाचणाऱ्या परक्या माणसालाही कळावे म्हणून सांगते.

हे त्या वेळी नगरसेवक होते. मैदानाची जमीन राखीव होती. राखीव जमिनीचा वापर बदलायचा तर एकूण नगरसेवकांपैकी दोन तृतीयांश जणांनी हात वर करायचे आणि ते हात नावानिशी मोजायचे, असा जुना नियम होता. यांच्या घशाचे ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढले. हे रुग्णालयात असताना तो नियम बदलला. सभेच्या शेवटी, "ऐनवेळचे विषय" या सदराखाली, चहा येत असताना. यापुढे हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पुरेत, आणि मतदान आवाजी. कामे लवकर मार्गी लागावीत म्हणून. त्यात मैदानाचा उल्लेखही नव्हता, त्यामुळे कोणी भांडले नाही. आधी नियम गेला, मैदान नंतर गेले.

मैदानाचा विषय आला तेव्हा हे उठून सभेला गेले. आदल्या दिवशी काळ्या फळीवर पांढऱ्या रंगात यांनी दोनच अक्षरे काढली होती: नाही. इतकी सुंदर अक्षरे यांनी कोणत्याही दुकानासाठी काढली नव्हती. मी वर प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. अध्यक्षांनी विचारले आणि "हो"चा गलका झाला. मग "नाही" विचारले. काही आवाज आले. हे एका हातात फळी धरून, दुसरा हात वर करून उभे राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "पेंटरसाहेब, बसा. नियमात पाटी नाही, आवाज आहे."

कोणीतरी हसले. मी उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा जीव घशात आणून ओरडले, "नाही!"

"बाई, तुम्ही सभासद नाही. हा आवाज धरू नका," असे अध्यक्षांनी कारकुनाला सांगितले.

पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता. तो सुरू झाला तरी यांचा हात वरच होता. घरी येऊन यांनी माझ्यापुढे पाटीवर लिहिले, "सिस्टरनी ऐकायला हवं होतं तुला." मी हसले आणि मग मला रडू आवरेना. त्या वर्षाअखेरीस हे गेले.

आता दुकानांच्या मालकाला आमचेही घर हवे आहे. परवा जेवताना धाकटा म्हणाला, "भाव चांगला आहे, आई. तुला मोठ्या फ्लॅटमध्ये नेतो. आत्याची लावू कुठेतरी सोय." थोरली फोनवर होती. ती म्हणाली, "तुम्हीच ठरवा रे, मी काय सांगू?" धाकट्याने सगळ्यांकडे पाहिले. "कोणाची हरकत नाही ना? मग ठरलं तर!"

आत्याने ताटावरून उजवा हात थोडासा उचलला. बोटे उष्टी होती. मग तो परत खाली ठेवला. धाकट्याने पाहिले नाही. मी पाहिले.

६. म्हणून हे घर मी तिघांना समान हिश्शाने देते, पुढील अटींवर. आत्या हयात असेपर्यंत तिची खोली तिचीच. घर विकायचे, पाडायचे किंवा गहाण ठेवायचे असेल तर तिघांनी एकत्र बसावे. थोरली फोनवर बसली तरी चालेल, पण दिसेल असे बसावे. मत हात वर करून द्यावे. तिन्ही हात वर झाले तरच विक्री व्हावी. जो गप्प बसेल त्याचे मत "नाही" धरावे. मोजेपर्यंत कोणी हात खाली घेऊ नये, आणि कोणी कोणाचा हात धरून वर करू नये. हा नियम बदलायचा झाल्यास त्यालाही तिन्ही हात लागतील. ऐनवेळचा विषय म्हणून, किंवा चहा येत असताना, तो बदलता येणार नाही.

धाकट्या, तू वाईट नाहीस. तुझा आवाज तुझ्या बाबांचा आहे. तू दारातून हाक मारलीस की अजूनही क्षणभर मला हेच आल्यासारखे वाटते. त्या आवाजाने आत्याचे छप्पर जावे, हे मला मेल्यावरही सोसणार नाही.

७. अध्यक्ष आता थकले आहेत. सकाळी त्या गाड्यांच्या तळातूनच काठी टेकत फिरतात, कारण फिरायला दुसरी जागा राहिलेली नाही. त्यांच्यावरचा माझा राग मी कोणालाही देत नाही. तो वारसाहक्काने जाऊ नये, माझ्याबरोबर संपावा.

८. "नाही" लिहिलेली काळी फळी आत्याला द्यावी. तिने ती बोलण्याऐवजी वापरावी. या घरात ती धरली जाईल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. त्यांनी मान्य केले आहे.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली.
दिनांक: महिन्याचा पहिला रविवार, सकाळ.

मृत्युपत्र करणारीची सही.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना. सही.
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले. सही.

ताजा कलम, वरील दोघांच्या समक्ष: मजकूर मोठ्याने वाचून दाखवल्यावर मी साक्षीदारांना "ऐकलंत ना?" असे विचारले आणि त्यांनी हात वर केले. त्या वेळी दारात उभ्या असलेल्या आत्यानेही हात वर केला. ती वारस आहे, तेव्हा तिला साक्षीदार करता येत नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते मला मान्य आहे. साक्ष धरू नये, पण हात पूर्ण वर होता आणि आम्ही तिघांनी तो मोजला, एवढी नोंद राहावी.